गाईड निवडण्याआधी त्यांचं पान नीट वाचा

एम.टेक. किंवा पीएच.डी.ला येणाऱ्या मुलांना गेट परीक्षेचा कटऑफ, स्टायपेंड, हॉस्टेल हे सगळं तोंडपाठ असतं. ज्यांच्या हाताखाली पुढची वर्षं काढायची, त्या सरांबद्दल किंवा मॅडमबद्दल मात्र विभागाच्या वेबसाइटवरची एक ओळ तेवढी वाचलेली असते. 'रिसर्च इंटरेस्ट: ओपन चॅनल हायड्रॉलिक्स, गाळाचं वहन, सीएफडी, मशीन लर्निंग.' मी सिव्हिलमध्ये, पाण्याच्या विषयात पीएच.डी. केली आणि आता शिकवते. आधी अशा ओळी मी वाचायचे, आता स्वतःबद्दल लिहिते.

ही यादी वर्षानुवर्षं साचत गेलेली असते. पहिला विषय बहुधा त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.चा, शेवटचा हल्ली ज्याला प्रकल्पनिधी मिळतो तो. त्यात लबाडी नसते. एकदा जीव लावलेला विषय यादीतून खोडवत नाही. पण तुम्हाला हवं असतं ते आज त्यांच्या लॅबमध्ये काय चालू आहे हे. गूगल स्कॉलरवर त्यांचे शोधनिबंध वर्षाप्रमाणे लावा आणि गेल्या चार-पाच वर्षांचेच पाहा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, तेच विद्यार्थी पुढच्या निबंधातही दिसतात का, हे बघा.

मग शोधगंगा उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इन्फ्लिबनेटच्या या संग्रहात फुकट वाचता येतात आणि गाईडच्या नावाने शोधता येतात. आयआयटींचे बरेच प्रबंध त्यांच्या ग्रंथालयांकडे असतात, तिथे वेगळं विचारावं लागतं. मी तर नवीन मुलांना प्रबंधातला ऋणनिर्देश आधी वाचायला सांगते. प्रयोग कोणाच्या लॅबमध्ये झाले, उपकरण कुठून मागून आणलं, पैसे कोणत्या प्रकल्पातून आले, हे तिथे मोकळेपणाने लिहिलेलं असतं. प्रयोगाचा विषय घ्यायचा असेल तर हे फार महत्त्वाचं. फ्लूम, म्हणजे प्रवाहाचे प्रयोग करायचा लांब कृत्रिम कालवा, नसलेल्या विभागात गाळाच्या वहनावर प्रयोग करायचे म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आलं. पुण्याच्या बाजूला असाल तर खडकवासल्याचं सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्र सरकारची जल आणि विद्युत संशोधन संस्था, आहे. १९१६ पासूनची ही संस्था धरणं आणि बंदरांची प्रतिकृती-मॉडेलं उभारून अभ्यास करते. गाईडचं अशा ठिकाणी खरोखर काम चालू आहे का, हे त्यांच्या निबंधांतल्या सहलेखकांवरून कळतं.

शिकवण्याच्या विषयांची ओळ सगळेच सोडून देतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कोर्सवर्कच्या काळात तुमचा पाया पक्का होतो तो याच माणसाकडून. वर्षानुवर्षं न्यूमरिकल मेथड्स आवडीने शिकवणारे सर तुमच्या प्रोग्रॅममधलं उत्तर ग्रिड (गणितासाठी जागेचे पाडलेले बारीक चौकोन) बदलल्यावर टिकतं का, हे विचारल्याशिवाय राहणार नाहीत. एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर अनेक प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. दोन तरी पूर्ण ऐका. समीकरण मांडताना गृहीतकं कुठली, ती कुठे कोसळतात, हे ते सांगतात का? मात्र बऱ्याच कॉलेजांत विषय लोडप्रमाणे, म्हणजे कोणाला किती तास द्यायचे ते पाहून, वाटले जातात, त्यामुळे गेल्या वर्षी काय शिकवलं यापेक्षा कोणता ऐच्छिक विषय त्यांनी स्वतः सुरू केला, हे विचारा.

आवडीचे विषय बदलतातही, आणि त्यात काही वावगं नाही. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातले मिलिंद सोहनी यांनी केतन मुळमुले यांच्यासोबत जिऑमेट्रिक कॉम्प्लेक्सिटी थिअरीचा, म्हणजे संगणकाला एखादा प्रश्न किती अवघड हे भूमितीच्या मदतीने तपासणाऱ्या शाखेचा, पाया घातला. त्यातला पहिला शोधनिबंध २००१ साली आला. त्याच सोहनींनी पुढे तिथल्याच सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातून महाराष्ट्रातल्या पिण्याच्या पाण्यावर आणि भूजलावर काम केलं. फक्त पहिली ओळ वाचून गेलेल्या मुलाला त्यांचं हे काम कळलंच नसतं.

नियमांचंही पाहून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आयआयटींचे नियम त्यांचे त्यांचे. प्रकल्पातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून जाणार असाल तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० हे २०२३ पासूनचे दर ठाऊक असतील, पण प्रकल्प किती वर्षांचा आणि तो संपल्यावर फेलोशिप कुठून, हे रुजू होण्याआधीच विचारा. हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, चांगल्या गाईडला तो आवडतो.

एवढं वाचून झालं की मेल लिहा. 'तुमच्या संशोधनात मला रस आहे' एवढ्यावर आम्हाला काहीच कळत नाही. त्यांचा एक अलीकडचा निबंध घ्या, त्यातली न कळलेली एक जागा विचारा, आपण आजवर काय केलं ते तीन-चार वाक्यांत सांगा, सोबत गुणपत्रिका जोडा. परीक्षांच्या आणि पेपर तपासणीच्या काळात उत्तराला उशीर होतो. आठवडाभराने एकदा आठवण करा. तोवर त्यांच्या लॅबमधल्या एखाद्या सीनियरला गाठा आणि विचारा: लिहिलेलं प्रकरण दिल्यावर सर ते किती दिवसांत वाचून परत देतात?