कोंबडीचा पंख, बोकडाचा पाय आणि उत्क्रांतीचा वाद : हाडांची तुलना कशी करावी

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर आणि घोड्याचा पुढचा पाय यांची हाडे शेजारी शेजारी मांडलेले चित्र उत्क्रांतीवरच्या वादात कोणीतरी पुढे करतोच, आणि त्यावरचे उत्तरही ठरलेले असते : साम्य मान्य आहे, पण एकाच निर्मात्याने एकच आराखडा पुन्हा पुन्हा वापरला असे का म्हणू नये? नुसत्या चित्राने हा प्रश्न सुटत नाही. तुलना कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कसोट्यांवर केली, यावरच तिचे वजन ठरते. आणि तो क्रम घरच्या घरी, खरी हाडे हाताळून शिकता येतो.

त्यासाठी टोकापर्यंतचा अख्खा कोंबडीचा पंख आणि बोकडाचा खुरापर्यंतचा पुढचा पाय खाटकाकडून मागून आणावा. जमल्यास मागच्या पायाचा घोटाही घ्यावा, कारण पुढे त्याचे विशेष काम आहे. ब्रॉयलर कोंबडी फार कोवळी असल्याने उकळताना तिच्या हाडांची कुर्चेची टोके सुटून येतात. म्हणून गावठी कोंबडी बरी. मंद आचेवर उकळून मांस सोडवावे आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात हाडे रात्रभर ठेवावीत. ब्लीच वापरू नये, त्याने हाडे ठिसूळ होतात. रानात सापडलेले वन्य प्राण्यांचे अवशेष मात्र घरी आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली तो गुन्हा ठरू शकतो.

हाडाची ओळख आकारावरून किंवा त्याच्या कामावरून न करता, ते कोठे आहे आणि कोणत्या हाडांना जोडलेले आहे यावरून करावी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये प्राणिशास्त्रज्ञ एतियेन जॉफ्रॉय सेंत-इलेर यांनी या नियमावर भर दिला आणि तो आजही पहिला नियम आहे. खांद्यापासून सुरुवात करावी. कोंबडीच्या पंखात आधी दंडाचे एकच हाड लागते, मग कोपर ते मनगट अशी दोन हाडे : बारीक ते रेडियस आणि जाड ते अल्ना. पंखाच्या मोठ्या पिसांची एक रांग अल्नावर टेकलेली असते. त्यापुढे मनगटाची दोन छोटी सुटी हाडे, तळहाताची एकमेकांत जुळलेली हाडे आणि तीन बोटांचे अवशेष आढळतात. ही बोटे आपल्या हाताच्या नेमक्या कोणत्या बोटांशी जुळतात, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला आहे, कारण भ्रूणाचा पुरावा एकीकडे आणि जीवाश्मांचा दुसरीकडे झुकतो. तेव्हा जुळत्या हाडांची नोंद करण्याच्या आपल्या तक्त्यात तेथे प्रश्नचिन्ह ठेवणेच प्रामाणिक ठरेल.

बोकडाच्या पायात हाच क्रम लावला की ज्याला आपण पुढचा गुडघा म्हणतो, तो सांधा मनगट निघतो. त्याच्या वरच्या भागात रेडियस जाड असून अल्ना त्याला चिकटलेली असते आणि तिचे कोपराकडचे टोक ठळक उरते. मनगटाखालचे लांब हाड एकच दिसते. पण त्याच्या पुढच्या बाजूने उभी खाच जाते आणि खालचे टोक दुभंगलेले असते, कारण ते तळहाताच्या तिसऱ्या व चौथ्या हाडांच्या जुळणीतून बनलेले आहे. गर्भावस्थेत ही दोन्ही हाडे वेगळी असतात. पूर्ण वाढलेल्या सांगाड्यावरून शंका फिटली नाही तर गर्भाचा पुरावा पाहावा, तो यासाठीच.

येथे एक आक्षेप हमखास येतो : समान पूर्वज गृहीत धरून हाडे ‘समजात’, म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांतील एकमेकांशी जुळणारी, ठरवायची आणि मग त्यांवरूनच समान पूर्वज सिद्ध करायचा, हे चक्राकार तर्कशास्त्र नव्हे काय? इतिहास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक पिएर बेलों यांनी पक्ष्याचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी ठेवून हाडांना जुळती चिन्हे दिली ती १५५५ मध्ये, आणि इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी समजात अवयवाची व्याख्या केली ती १८४३ मध्ये, म्हणजे डार्विन यांचा ग्रंथ येण्याच्या सोळा वर्षे आधी. ओवेन यांनी तर त्या साम्याचा अर्थ एका आदर्श आराखड्याने लावला होता आणि पुढे ते डार्विन यांचे कडवे टीकाकार ठरले. जुळणी ओळखणे आणि तिचे कारण सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. वहीतही ती वेगळ्या रकान्यांत लिहावीत.

त्यानंतर एकच काम करणारे अवयव तपासावेत. वटवाघळाचा पडदा चार लांब बोटांवर ताणलेला असतो, टेरोसॉर या नामशेष उडणाऱ्या सरीसृपाचा मुख्यतः एका, म्हणजे चौथ्या बोटावर, तर पक्ष्याची बोटे आखूड होऊन उडण्याचा भार पिसांवर येतो. काम एक असून मांडणी तीन प्रकारची, आणि उलट देवमाशाच्या परात पोहण्यासाठीही दंड, दोन हाडे, मनगट आणि बोटे हीच मांडणी. गरजेनुसार आराखडा, हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

तरीही खरी कसोटी म्हणजे आधी भाकीत करून मग पाहणे. देवमाशांचे पूर्वज कोण, याविषयी उत्क्रांती मानणाऱ्यांतच मतभेद होते. दातांच्या साम्यावरून अनेकांनी मेसोनिकिड या खूर असलेल्या मांसाहारी गटाकडे बोट दाखवले. १९९० च्या दशकात जनुकांचा पुरावा मात्र पाणघोड्याकडे, म्हणजे गाय-बोकडांप्रमाणे पायाला सम संख्येने खूर असलेल्या समखुरी प्राण्यांकडे नेऊ लागला. आजच्या देवमाशांना मागचे पायच नसल्याने घोट्यावरून निवाडा करता येत नव्हता; पण जनुके खरी असतील तर पाय शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशाचा घोटा समखुरी प्राण्यासारखा असायला हवा होता. २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पाकिस्तानातील जीवाश्मांत नेमका तसा घोटा दाखवला. आपण आणलेल्या बोकडाच्या घोट्यातील, वर आणि खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच असलेले हाड हातात घेऊन पाहावे. तीच ती खूण. पुढे २००७ मध्ये जम्मूतील कालाकोटच्या इंडोह्यस या लहान समखुरी प्राण्याच्या कानाच्या हाडात देवमाशांची ओळख मानली जाणारी जाड कड आढळली. ही हाडे ज्या दगडांत होती, ते दगड भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले होते. दातांनी दिशाभूल केली होती, ही गोष्टही लपवू नये. एकाच अवयवावर विसंबणाऱ्या तुलनेचे असेच होते.

म्हणून वादाला बसताना जीवाश्म दाखवण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना विचारावे की त्यांच्या मतानुसार तो घोटा कसा असायला हवा आणि कसा असता कामा नये, आणि दोघांची उत्तरे लिहून घ्यावीत.