कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराचे आकडे जुळवताना या चुका टाळा

एक्सेल उघडलं की पाच मिनिटांत आलेख हवा, असली घाई असणाऱ्यांनी कागदाच्या नादी लागू नये. इंदूरमध्ये खोकी बनवणाऱ्यांची मुलं आणि एम.कॉम.ची प्रोजेक्टवाली मंडळी दरवर्षी त्याच खड्ड्यात पडतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे एकच कोड धरून बसणं. एचएस वर्गीकरणात, म्हणजे जगभरच्या आयात-निर्यातीत मालाला आकडी कोड देणाऱ्या पद्धतीत, रद्दी 4707 मध्ये, रद्दीचा लगदा 4706 मध्ये आणि तयार कागद-पुठ्ठा 48 व्या प्रकरणात येतो. सांवेर रोडवर खोक्यांचा कारखाना असलेल्या ओळखीच्या घरातला मुलगा 2020 च्या पावसाळ्यात आलेख घेऊन आला. "काका, बघा, चीनची रद्दीची आयात कशी आपटलीय! आता रद्दी पडून राहणार, क्राफ्ट (खोक्यांचा तपकिरी कागद) उतरणार. बाबांना सांगितलंय, रिळं आत्ता भरू नका."

आलेख खोटा नव्हता. चीनने 2018 पासून रद्दीवर कडक निर्बंध लावले होते आणि 1 जानेवारी 2021 पासून तर आयात बंदच केली. पण तिथल्या पेपर मिलांना माल लागायचा तो लागतच होता. रद्दी मिळेना, तेव्हा त्यांनी लगदा आणि तयार रिळं मागवली, भारतातूनसुद्धा. पोराच्या तक्त्यात 4707 खाली येत होता, आणि 4706, तसंच क्राफ्ट आणि खोक्यांच्या इतर कागदाचे 4804, 4805 त्याने उघडूनच पाहिले नव्हते. हिवाळ्यात क्राफ्ट भडकला. गिऱ्हाइकांशी खोक्यांचे दर आधीच ठरलेले. बाबांनी रिळं चढ्या भावाने उचलली आणि घरात आलेखाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

मी काहीही शोधत असलो तरी 47 आणि 48 ही दोन्ही प्रकरणं चार आकडी कोडांसकट उतरवून घेतो, नको ते नंतर खोडतो. सहा आकडी कोड दर पाच-सहा वर्षांच्या सुधारणेत फुटतात, एकत्र होतात. वीस वर्षांच्या तुलनेत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरं, नुसते डॉलर. डॉलर वाढले म्हणजे कागद वाढला असं नाही, भाव वाढला असेल. आधी टन घ्या, मग डॉलरला टनाने भागा. शेजारच्या वर्षांच्या मानाने टनाचा दर अचानक दहापट दिसला, तर तो शोध नव्हे, कुणाची तरी टायपिंगची चूक आहे.

पाठवणाऱ्या देशाचा आकडा आणि घेणाऱ्याचा आकडा जुळत नाही म्हणून लगेच 'घोटाळा' ओरडू नका. निर्यात एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. आयात बहुतेक देश भाडं-विमा धरून सीआयएफ लिहितात. 2021 मध्ये कंटेनरचं भाडं कुठल्या कुठे गेलं होतं, तेव्हा ही दरीही रुंदावणारच. शिवाय डिसेंबरात निघालेला माल पुढच्या वर्षात उतरतो. मी शक्यतो आयातदाराचाच आकडा धरतो. जकात तिथे वसूल होते, म्हणून नोंद जरा काळजीने होते.

फिनलंडसाठी 2005 हे आधारवर्ष घेऊ नका. त्या मे-जूनमध्ये तिथल्या पेपर मिला मालक-कामगार वादातल्या टाळेबंदीमुळे कित्येक आठवडे बंद होत्या. 2006 ची उडी त्यामुळे उगाच मोठी दिसते.

तक्त्यातला रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे.

भारताचं एप्रिल-मार्च दुसऱ्याच्या जानेवारी-डिसेंबरला चिकटवू नका. मासिक आकडे घेऊन बेरीज करा, कंटाळा आला तरी.

न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, 4801, वेगळा काढा. तो घसरतो आणि त्याच्याआड खोक्यांच्या पुठ्ठ्याची वाढ झाकली जाते.

आणि 1999 च्या आधीचे बेल्जियमचे आकडे शोधत असाल तर ते लक्झेंबर्गसोबत एकत्रच सापडतील. मागची वर्षं जोडायची असतील तर पुढेही दोघांची बेरीज करावी लागेल.