बेलम गुहा आणि गंडीकोटा: दोन दिवसांचा बेत

आंध्र प्रदेशातल्या बेलम गुहेला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. कारण गुहेबाहेरचं ऊन नाही, गुहेतला दमटपणा. गुहा म्हणजे गारवा, असं धरून येणारे इथे फसतात. आत हवा खेळवण्यासाठी नळ टाकलेले आहेत, तरी दहा मिनिटांत शर्ट अंगाला चिकटतो. सुती कपडे, घट्ट पकडीचे बूट, माणशी एक लिटर पाणी आणि खांद्यावर एक पंचा, एवढं पुरे. जाड जीन्स नको. दमेकऱ्यांनी आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांनी पहिल्या मोठ्या दालनातूनच परतावं.

मुंबई, पुणे, सोलापूरकडून येणाऱ्यांना मुंबई–चेन्नई मार्गावरचं ताडीपत्री स्टेशन सोयीचं. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. नाहीतर गुंटकलला उतरा. ताडीपत्रीहून गुहा साधारण 30 किलोमीटर. बसने जाता येतं, पण पुढे गंडीकोटा किल्लाही करायचा असेल तर दोन दिवसांसाठी गाडी ठरवलेली बरी.

सकाळी 10 ला गुहा उघडते, तेव्हाच आत शिरा. उशिरा गेलात तर सहलींच्या बसगाड्या आलेल्या असतात आणि अरुंद वाटांवर समोरून येणाऱ्यांसाठी थांबत बसावं लागतं. 3,229 मीटर लांबीपैकी सुमारे दीड किलोमीटर भाग खुला आहे; दीड तास हाताशी ठेवा. 1884 मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली, 1982-83 मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने ती सविस्तर मोजली. झुंबरांसारखे लवणस्तंभ, म्हणजे छतातून लोंबणारे चुन्याचे खांब, कोटिलिंगलू दालनात आहेत. बाकी ठिकाणी नजर भिंतींकडे ठेवा: पाण्याने घासून गुळगुळीत झालेले, थरांवर थर दिसणारे काळे चुनखडक. आपल्याकडच्या ओट्यांना बसवतात त्या कडप्प्याच्याच जातीचा हा दगड. सर्वात खोल जागा म्हणजे पाताळगंगा. तिथल्या पायऱ्या ओल्या असतात, उतरताना कठडा सोडू नका. आत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवा.

जेवण उरकून दुपारी दोनच्या आत निघा. जम्मलमडुगूमार्गे गंडीकोटा साधारण 60 किलोमीटर. शेवटचा टप्पा चढाचा. किल्ल्यात माधवराय मंदिर, जामा मशीद आणि धान्याचं कोठार जवळजवळच आहेत. पेन्ना नदीची दरी मशिदीच्या मागे, मोठमोठ्या शिळांवरून चालत गेलं की दिसते. कड्याला कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नये. सेल्फीसाठी टोकाच्या सुट्या शिळेवर चढणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

मुक्काम इथेच करा. पर्यटन विभागाचं हरिता हॉटेल आहे, तंबूही मिळतात. शनिवार-रविवारी आगाऊ बुकिंगशिवाय येऊ नका. कयाकिंग नदीतल्या पाण्यावर अवलंबून, म्हणून आधी फोनवर विचारा. पहाटे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी टॉर्च घेऊन दरीकाठी पोहोचा. नऊनंतर खडक तापतो आणि सावलीला झाड सापडत नाही.

परतताना ताडीपत्रीत गाडीला वेळ असेल, तर चिंतल वेंकटरमण मंदिरातला दगडी रथ पाहून घ्या.