सीईटीनंतर पालकांनी करायची कामे : कागदपत्रे आणि पसंतीक्रम

एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी प्रवेशाच्या राज्य परीक्षेचा निकाल लागला की घरातले सारे बोलणे एका आकड्याभोवती फिरू लागते आणि तो आता बदलणार नाही हे ठाऊक असूनही आपण तोच विषय उगाळत बसतो. दोन मुलांचे अभियांत्रिकीचे प्रवेश पार पाडल्यावर माझे मत असे झाले आहे की, अभ्यासाची जबाबदारी मुलांची असते. पालकांनी मात्र कागदपत्रे आणि पसंतीक्रम ही दोन कामे नीट समजून घेऊन अंगावर घ्यावीत.

कागदपत्रांची सुरुवात मूल अकरावीत असतानाच करावी. राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागते, इतर मागासवर्गासारख्या प्रवर्गांना त्याखेरीज नॉन-क्रीमीलेयरचा चालू मुदतीचा दाखलाही लागतो, आणि ही कागदपत्रे मुदतीत सादर झाली नाहीत तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जातो. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी एका वेलांटीने घात केला. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावातली वेलांटी ऱ्हस्व होती, त्याच्या दाखल्यावर दीर्घ, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत पडताळणीचा अर्ज तीन महिने पडून राहिला. म्हणून एखाद्या रविवारी सगळे दाखले आणि आधार कार्डे शेजारी शेजारी मांडून प्रत्येक नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहावे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही घरातल्या मोठ्यांनी समजून घ्यावे. 90 पर्सेंटाइल याचा अर्थ त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी 90 टक्के विद्यार्थ्यांचे गुण तेवढेच किंवा त्याहून कमी आहेत, इतकाच होतो. मागील वर्षीच्या कट-ऑफ याद्या पाहताना पर्सेंटाइलबरोबर छापलेला गुणवत्ता क्रमांकही पाहावा.

खरी कसोटी ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या अर्जाची असते. ‘हे कॉलेज मिळणारच नाही, मग वरचा क्रमांक वाया कशाला घालवायचा’ असे अनेक पालक म्हणतात, आणि तेथेच चूक होते. जागा गुणवत्तेनुसार वाटल्या जातात. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याच्या यादीतला वरून पाहत गेल्यावर उपलब्ध असलेला पहिला पर्याय त्याला मिळतो. त्यामुळे अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी जात नाही. उलट, केवळ मिळण्याजोगे म्हणून वर लिहिलेले कॉलेज गळ्यात पडू शकते. 2025-26 मध्ये जागावाटपाच्या चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप निश्चित होईल आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येणार नाही असा नियम होता. यादीचा माथा किती विचारपूर्वक लिहायला हवा, हे यावरून ध्यानात येईल. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी. क्लासमधल्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांचे पर्याय विसरू नयेत. त्यांचे कोड वेगळे असतात व ते स्वतंत्रपणे भरावे लागतात. एखादी शाखा मुलाला हवीच असेल तर तिचा हा कोड साध्या कोडच्या वर लिहावा.

आमच्या मुलीच्या वेळी आम्ही कॉलेज आणि शाखा यांची नावे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून जेवणाच्या टेबलावर मांडली. चिठ्ठ्या हलवायच्या त्या तिनेच, असे ठरले होते. मी संगणक शाखा वर धरून बसलो होतो. तिने दोनदा ती चिठ्ठी मुकाट्याने खाली सरकवली तेव्हा तिला स्थापत्य शाखा मनापासून हवी आहे हे मला प्रथमच कळले. तेवढी एक संध्याकाळ प्रत्येक घराने काढावी, आणि नातेवाइकांच्या ‘किती पडले?’ या फोनना त्या दिवसांत आई-वडिलांनीच उत्तर द्यावे.

जागा जाहीर झाली की मुदतीच्या आत ती स्वीकारून शुल्क भरावे. बेटरमेंट, म्हणजे जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबणे, निवडण्याआधी एक गोष्ट मुलाला स्पष्ट सांगावी : पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा जाते, ती परत मागता येत नाही. त्यामुळे हातातल्या जागेपेक्षा जे पर्याय खरोखर हवे आहेत, तेवढेच तिच्या वर ठेवावेत.