बेसिन तुंबलंय? आधी खालची वाटी उघडा

आमच्या गुहागरच्या जुन्या घरातलं बेसिन दर थंडीत तुंबायचं. कारण साधं: खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि केस-साबणाला धरून बसतं. माडाचा हीर कधीच घालू नका. आमचा आत मोडला आणि त्यालाच केसांचा गुंता बसला.

खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपची, म्हणजे बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाची, वाटी फडक्याने घट्ट धरून फिरवा, ती हातानेच निघते. आत काळा, बुळबुळीत गोळा सापडेल. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

वाटी स्वच्छ असेल तर अडथळा भिंतीतल्या पाइपात. सायकलची जुनी ब्रेक वायर घ्या, टोकाला बारीक आकडा वळवा, फिरवत आत सोडा आणि हळूच ओढा. जुना लोखंडी पाइप आतून गंजून खरबरीत झालेला असतो, केस तिथेच अडकतात. जोर लावू नका, सांधा सुटेल.

ॲसिड तर नकोच, गंजलेला पाइप ते आणखी खातं. आधी पाइप मोकळा करायची पावडर ओतली असेल तर हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय वाटी उघडू नका.

वायसर नीट बसवून वाटी लावा, कोमट पाणी सोडा, आणि सांध्याखाली कोरडा कागद धरून गळती बघा.