सोसाट्याच्या वाऱ्यात बाहेरच्या काचा धुवायच्या का, हे कसं ठरवावं

जून लागला की सोलापुरात पश्चिमेचा वारा सुटतो आणि ऑगस्टपर्यंत त्याला खळ नसतो. त्याआधी एप्रिल-मे वळवाचे. दुकानं, दवाखाने, अपार्टमेंट यांच्या काचा बाहेरून धुणं हा माझा धंदा आहे, आणि या महिन्यांत रोज सकाळी पहिला प्रश्न एकच असतो, आज शिडी लावायची की नाही. या कामात नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी, आणि काम देणाऱ्या मालकांसाठीही, मी हे कसं ठरवतो ते लिहितोय.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज बघायचा. आपला जिल्हा त्यात मध्य महाराष्ट्रात येतो. ‘मेघगर्जनेसह ताशी ३० ते ४० किमी वेगाने वारे’ असं दिसलं की उंचावरचं काम मी दुपारनंतर धरतच नाही, सकाळी उरकेल तेवढंच घेतो. जवळपास वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या. मोबाइलवर वाऱ्याचा जो आकडा दिसतो तो मात्र सरासरीचा असतो, तोही मोकळ्या मैदानात जमिनीपासून १० मीटरवरचा. शिडीवरच्या माणसाला सरासरी वारा पाडत नाही, झोत पाडतो. १८ चा वारा दाखवत असताना ३० चा झोत सहज येतो. ॲपमध्ये झोताचा वेगळा आकडा असतो, ‘गस्ट’ म्हणून. निर्णय त्यावर घ्यायचा.

याला कारण आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ३६ किमीला एका चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा रेटा बसतो, ७२ ला तोच २५ किलोच्या आसपास जातो. दोन्ही हात गुंतलेले, पाय एका पट्टीवर, आणि असा रेटा बाजूनं आला तर तोल सावरायला जागाच नसते.

आता जागेवरची तपासणी. सगळ्यात जास्त भरवसा माझा हिच्यावर आहे. जमिनीवरून काचा धुवायच्या माझ्या लांब दांड्याच्या टोकाला टॉवेलची किनार बांधलेली असते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात कापून टाकतात ती, बोटभर रुंद आणि हातभर लांब. विजेच्या तारा लांब आहेत ना, हे पाहून दांडा उभा करायचा आणि किनार ज्या खिडकीवर काम आहे तिच्या उंचीला न्यायची. मग दहा मिनिटं नुसतं बघत राहायचं. खाली लोंबत मधूनच हलत असेल तर काम चालू करा. आडवी होऊन एकाच दिशेला सरळ राहिली तर वारा जोराचा पण एकसारखा आहे. अशा वेळी जमिनीवर उभं राहून दांड्यानं काम होईल, शिडीवरून नाही. ती कधी भिंतीला चिकटतेय, कधी बाहेर फेकली जातेय, मधेच वर उडतेय, असं दिसलं तर तिथं वारा घुमतोय. त्या भिंतीचं काम त्या दिवशी बंद. खाली अंगणात वारा जाणवत नसला तरी बंद. हे सगळं इमारतीच्या दोन्ही कोपऱ्यांवर वेगळं करून बघायचं, कारण कोपऱ्यावर वारा वळताना जोर धरतो. जुळे सोलापुरात अपार्टमेंटं जवळजवळ आहेत. दोन इमारतींच्या मधल्या बोळात रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त झोत लागतो.

दांडा नसेल तर डोळे आहेतच. कडुलिंबाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा १२ ते १९ च्या घरात असतो. रस्त्यावरची धूळ आणि कागद उचलले जाऊ लागले की २० ते २८. इथं मी पहिल्या मजल्याच्या वर शिडी लावत नाही. लहान झाडं बुडापासून डोलायला लागली तर ३० ओलांडलेच म्हणा, मग शिडी गाडीवरून खालीच उतरत नाही. मोठ्या फांद्या हलताहेत, छत्री धरवत नाही, म्हणजे ४० च्या पुढे. त्या वाऱ्यात दांडाही आवरत नाही, बाहेरचं सगळं बंद. झुला (दोरांवर टांगलेला पाळणा) किंवा बूम लिफ्ट (माणसाला वर उचलणारं यंत्र) वापरणार असाल तर यंत्रावरची पाटी वाचा. बाहेर चालणाऱ्या बऱ्याच लिफ्टना ताशी ४५ किमीची मर्यादा असते, पण ती यंत्र उलटू नये म्हणून. त्यात उभं राहून वायपर मारणाऱ्यानं त्याच्या बरंच आधी खाली यायचं.

सेफ्टी बेल्ट आहे म्हणून वारा चालतो, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बेल्ट पडणाऱ्याला धरतो, पण वाऱ्यानं लोंबकळून भिंतीवर आपटण्यापासून वाचवत नाही. बेल्ट लावायचाच, आणि वाऱ्याचा निर्णय बेल्ट नाही असं समजून घ्यायचा.

दांड्याचं काम शिडीपेक्षा सुरक्षित खरं, पण लांब दांडा वाऱ्यात झुकतो आणि टोकाकडचा झोत हातात अनेक पटीनं जाणवतो. ॲल्युमिनियम असो की कार्बन फायबर, दोन्हीतून वीज जाते, आणि वाऱ्यात ताराही झुलत असतात. समोरून महावितरणची लाइन जात असेल तर वाऱ्याच्या दिवशी दांडा उचलूच नका. मच्छरदाणीच्या जाळ्याही काढू नका. खिडकीएवढी फ्रेम वाऱ्यात पतंगासारखी हातातून सुटते आणि खाली माणसं असतात. बाहेर उघडणाऱ्या झडपा आतून स्टॉपर लावून पक्क्या करायला सांगा, नाहीतर एका झोतात काचच फुटते.

पूर्ण बंद आणि पूर्ण चालू, असे दोनच रस्ते नसतात. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे पूर्वेची बाजू बऱ्याचदा आडोशाला मिळते. किनार लावून खात्री करा आणि तेवढी बाजू उरका. सकाळी वारा दबलेला असतो, ऊन चढलं की वाढतो. साडेसहाला सुरुवात केली तर दहापर्यंत वरचे मजले होतात. उरलेल्या वेळात आतल्या काचा, स्लायडिंगचे ट्रॅक, तळमजल्याचं शोरूम. ट्रॅकमधली माती काढायला निम्मा दिवस सहज जातो आणि मालकालाही ते काम दिसतं.

“अहो, नुसता वाराच आहे, पाऊस कुठंय?” हे मालक म्हणणारच. त्यांना जिवाची गोष्ट सांगाच, पण काचेचीही सांगा. आपल्याकडची धूळ काळ्या मातीची. ओल्या काचेवर ती बसली की चिखल होतो, आणि त्यावर वायपर ओढला तर खड्यानं चरे पडतात. ते परत निघत नाहीत. कोरड्या वाऱ्यात साबणाचं पाणी पुसायच्या आत वाळतं, बोअरचं पाणी असेल तर वर पांढरे डागही राहतात. उडालेलं साबणाचं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींवर पडतं, मग भांडण ठरलेलं. मी फोन करून सरळ सांगतो, “अण्णा, आज वरची काच धुतली तर संध्याकाळी तुम्हीच मला परत बोलवाल. आतलं आज करून देतो, बाहेरचं वारा पडला की पहाटे येऊन.” बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम दुसरा कोणी घेईल, घेऊ दे.

खरी अडचण मालक नसतोच, हजेरी असते. काम थांबलं की रोज बुडतो हे पोरांना माहीत असेल तर किनार कितीही फडफडली तरी ती म्हणणार, “दादा, काही नाही, होतंय.” म्हणून जागेवर आलेल्या पोराची हजेरी वाऱ्यानं काम थांबलं तरी मी पूर्ण देतो. हे परवडावं म्हणून कोटेशनमध्येच एक ओळ घालतो: ‘वारा, पाऊस किंवा विजांमुळे बाहेरचे काम पुढे ढकलले जाऊ शकते, त्याची वेळ आम्ही ठरवू, त्या दिवशी आतले काम केले जाईल.’ सही आधी घ्यायची. आणि एक गोष्ट पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची: वर असलेल्या माणसानं ‘उतरतो’ म्हटलं की तो उतरणार. खालच्यानं त्याला का म्हणून विचारायचं नाही.

वर असताना झोत आलाच तर लांब हात करून काच पूर्ण करायला जाऊ नका. शिडीला दोन्ही हातांनी धरून छाती टेकवा, झोत ओसरू द्या आणि खाली या. वायपर आणि ब्रश कमरेच्या पट्ट्याला दोरीनं बांधलेले असावेत, म्हणजे हात लगेच मोकळे होतात.

वळवाला मात्र अंदाज बांधत बसू नका. दुपारी उकाडा दाटलाय, क्षितिजावर ढग काळवंडलेत आणि एकदम गार झुळूक अंगावर आली, म्हणजे वादळाचं तोंड पोचलंय. धुळीचा लोट पावसाच्या आधी येतो, मध्ये काही मिनिटंच असतात. गार झुळूक लागली की सगळे खाली, शिडी आडवी, बादल्या आत. गडगडाट ऐकू आला तरी तेच, वारा असो वा नसो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी बाहेर निघायचं नाही. पुन्हा सुरू करण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. तार तुटून पडली असेल तर लांबूनच महावितरणला कळवा आणि त्या बाजूला कोणाला जाऊ देऊ नका. शिडीचे पाय ओल्या काळ्या मातीत रुततात, फरशी मिळाली तरच उभी करा, चार फूट उंचीला एक फूट बाहेर या हिशोबानं. काचेवर धुळीचा थर बसलेला असतो. आधी नुसत्या पाण्यानं तो उतरवा, मग साबण लावा, आणि वायपर सगळ्यात शेवटी.