ब्रिटनमध्ये नवीन आहात? पहिला डायरेक्ट डेबिट असा सुरू करा

ब्रिटनमध्ये घर भाड्याने घेतलं की विजेची कंपनी, कौन्सिल (म्हणजे तिथली स्थानिक पालिका), इंटरनेटवाले सगळे डायरेक्ट डेबिट मागायला लागतात. कंपनीने ठरल्या तारखेला तुमच्या खात्यातून पैसे वळते करून घ्यायचे आणि त्याची परवानगी तुम्ही आधीच देऊन ठेवायची, अशी ही पद्धत आहे. ती टाळणं महागात पडतं. बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांपेक्षा डायरेक्ट डेबिटवाल्यांना वीज-गॅस सहसा स्वस्त पडतो, आणि बऱ्याच कंपन्या त्याशिवाय मोबाइलचं मासिक कॉन्ट्रॅक्ट देतच नाहीत.

आधी योग्य खातं

यासाठी ब्रिटनमधलं, पौंडातलं करंट अकाउंट, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं साधं खातं, लागतं. बचत खात्यातून डायरेक्ट डेबिट सहसा होत नाही. भारतातलं एनआरई खातं किंवा भारतीय कार्ड इथे चालत नाही.

नवीन माणूस अडकतो तो इथेच. बँक पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल मागते आणि वीज कंपनी बँकेचं खातं मागते. यातून बाहेर पडायचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कौन्सिल टॅक्स, म्हणजे कौन्सिलला द्यायची घरपट्टी. घरात राहायला गेल्या गेल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव नोंदवा. त्याला बँक खातं लागत नाही. तुमच्या नावापत्त्याचं बिल टपालाने घरी येतं आणि बहुतेक बँका ते पुरावा म्हणून घेतात. भाड्यातच सगळी बिलं धरलेली असतील तर मात्र ते बिल तुमच्या नावावर येणार नाही. मग भाडेकरार किंवा नोकरीच्या ठिकाणचं पत्र चालतं का, ते बँकेला विचारा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडून बँकेच्या नावे पत्र घ्यावं, ते सहज मिळतं.

मॉन्झो, स्टार्लिंगसारख्या मोबाइलवरच्या बँकांमध्ये बहुतेक वेळा पासपोर्टचा फोटो आणि स्वतःचा छोटा व्हिडिओ एवढ्यावर काम होतं. कार्ड पाठवायला ब्रिटनमधला पत्ता मात्र लागतो. कोणी खातं नाकारलंच, तर मोठ्या बँकांमध्ये 'बेसिक बँक अकाउंट' मागा. त्यात ओव्हरड्राफ्ट नसतो, पण डायरेक्ट डेबिट चालतो, आणि पैसे कमी पडून एखादा हप्ता परत गेला तर बँक दंड लावत नाही.

नाव जसंच्या तसं

आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. खातं त्याच लांब नावाने उघडतं आणि आपण फॉर्मवर सवयीने नाव-आडनाव एवढंच लिहितो. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्याच नावाचा राहिला, असंही पुष्कळ जणींचं असतं. दोन्हीकडचं नाव जुळावं म्हणून फॉर्म भरताना बँकेचं ॲप उघडा आणि तिथे जे नाव दिसतं तेच उतरवा.

फॉर्म

दोन आकडे लागतात: ६ अंकी सॉर्ट कोड आणि ८ अंकी अकाउंट नंबर. सॉर्ट कोड दोन-दोन अंकांच्या तीन जोड्यांत लिहितात. फॉर्म कार्डावरचा लांब नंबर मागत असेल तर तो डायरेक्ट डेबिट नव्हेच. ती कार्डावरची आवर्ती वसुली झाली आणि तिला पुढे सांगितलेली हमी लागू नाही. जिम किंवा ॲपचं सदस्यत्व घेताना हे नीट बघा.

फॉर्ममध्ये एक वाक्य असतं: या खात्यातून पैसे काढायची परवानगी देणारी मी एकटीच व्यक्ती आहे. जोडीदाराबरोबरच्या संयुक्त खात्यात दोघांपैकी कोणाचीही एक सही पुरत असेल तर खुशाल टिक करा. दोघांच्या सह्या लागत असतील तर कागदी फॉर्म मागवा.

तारीख आणि रक्कम

भारतात एसआयपीचं मँडेट भरताना कमाल रक्कम लिहिलेली असते. इथे तशी मर्यादा नसते आणि दर वेळी ओटीपीही येत नाही. कंपनी रक्कम बदलू शकते, फक्त आधी कळवावं लागतं, साधारणपणे १० कामाचे दिवस आधी. म्हणून त्यांची ईमेल न वाचता सोडू नका.

पगारानंतर दोन-तीन दिवसांची तारीख मागून घ्या. पैसे पहाटेच कापले जातात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी खात्यात रक्कम हवी. शनिवार-रविवार किंवा बँक हॉलिडे आला तर कापणी पुढच्या कामाच्या दिवशी होते. इंटरनेटचं पहिलं बिल बहुधा मोठं येतं, कारण त्यात चालू महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचा पूर्ण महिना असे दोन्ही धरलेले असतात. कौन्सिल टॅक्स सहसा एप्रिल ते जानेवारी अशा १० हप्त्यांत घेतात. १२ हप्ते हवे असतील तर मागता येतात. विजेचा हप्ता वर्षभराच्या अंदाजावर ठरतो, म्हणून दर महिन्याला मीटरचं रीडिंग पाठवा, नाहीतर तुमचे पैसे कंपनीकडे उगाच साठत राहू शकतात.

घरभाडं मात्र बहुधा स्टँडिंग ऑर्डरने द्यावं लागतं. ती रक्कम आणि तारीख तुम्ही स्वतः बँकेत ठरवता.

चूक झाली तर

डायरेक्ट डेबिट गॅरंटी हा तुमचा हक्क आहे. चुकीची रक्कम किंवा चुकीच्या तारखेला पैसे गेले, तर कंपनीच्या फोनवर ताटकळत बसू नका. थेट बँकेला सांगा. बँकेने पूर्ण रक्कम लगेच परत द्यायची असते. ॲपमधून डायरेक्ट डेबिट केव्हाही रद्द करता येतो. पण त्याने करार रद्द होत नाही, थकबाकी चढतच जाते आणि मोबाइल किंवा कर्जाच्या बाबतीत ती क्रेडिट रेकॉर्डवर (उधारी फेडल्याच्या नोंदींवर) ६ वर्षं दिसते.

ते रेकॉर्ड इथे शून्यापासून सुरू होतं, भारतातला सिबिल स्कोअर उपयोगी पडत नाही. त्यासाठी आणखी एक काम आठवणीने करा. व्हिसावर राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनच्या मतदार यादीत नाव घालता येतं. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. क्रेडिट तपासणाऱ्या कंपन्या नाव-पत्ता याच यादीवरून पडताळतात, त्यामुळे पुढच्या मोबाइल कॉन्ट्रॅक्टच्या वेळी नकार मिळण्याची शक्यता कमी होते.